पहाटेचा वर्ग

थोरलीला जुळं झालं त्या वर्षी धाकटीनं कॉलेजचं मनावर घेतलं. दिवसभर ती आईबरोबर इस्त्रीच्या दुकानात राबायची, पण प्राचार्यबाई कामकरी मुलींसाठी पहाटे स्वतः वर्ग घ्यायच्या. “ये गं, मी आहे ना,” असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. प्रवेशाच्या दिवशी मायलेकी गेल्या, तर वर्गाला कुलूप. “बाईंनी काल तडकाफडकी राजीनामा दिला,” कारकून म्हणाला. “आता पहाटेचं कोण उठतंय?” बाकीच्या मुली केव्हाच परतल्या होत्या. “ऐन वेळी हात वर केले बाईंनी,” आई म्हणाली. “काही कारण असेल, आई.” “मोठ्यांना कारणं असतात, आपल्याला दुकान असतं. चल.” धाकटीनं कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि ती आईमागून निघाली. पुढे कॉलेजचं नाव दोघींनी कधी काढलं नाही. प्राचार्यबाई त्याच वर्षी थंडी पडायच्या आत कॅन्सरनं वारल्या.