उजवी चप्पल

गोजराबाईच्या पायरीवर एक बायकी चप्पल उलटी पडली होती. बीबीजाननं डोईवरची बांगड्यांची टोपली ओट्यावर टेकवली आणि सवयीनं खाली वाकली. दारात उलटी चप्पल असली की घरात भांडण लागतं, मग घर कुणाचं का असेना. पण सुलटी करता करता तिचा हात थांबला. रबरी तळव्याला मधोमध तिरकी खाच पडली होती, बोट बसेल एवढी. जोडीची डावी मात्र नव्यासारखी.

अशीच खाच तिनं सकाळी बघितली होती. स्वतःच्या दारात, युनूसच्या उजव्या चपलेला.

युनूस तिचा थोरला. पौडात मामाच्या सायकल दुकानात कामाला. धरणावरच्या बंगलेवाल्यांनी टाकून दिलेली एक बुटकी, जाड टायरची सायकल त्यानं घरी आणली होती. तिला तो बीएमएक्स म्हणायचा, जशी काही घरात सूनच आणलीय. हँडल कापून, जोडून उंच केलं. मग एकेक दागिना उतरवला. मडगार्ड गेलं, स्टँड गेला, घंटी गेली, कॅरियर गेलं. शेवटी ब्रेकसुद्धा.

"मग थांबवतोस कशी रं?" बीबीजाननं विचारलं, तर त्यानं उजवा पाय मागच्या चाकावर दाबला. चप्पल चर्रकन वाजली. "ह्यो बघ अम्मा, ब्रेक."

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. कुणासाठी एवढा नट्टापट्टा? कुठं जातो हा? जिवाला आधार एकच होता, कॅरियर नाही. मागं कुणाला बसवणार?

आता ती चप्पल हातात धरून उभी होती. मागं बसणाऱ्याची चप्पल कशाला झिजेल? झिजते ती चालवणाऱ्याची.

"आलीस व्हय?" आतून गोजराबाई म्हणाली. "ये बाई. उद्या कासारसाईचे पाव्हणे येनार आमच्या जयाला बघायला. हात कसा भरलेला दिसला पायजे."

बीबीजाननं चप्पल हळूच सुलटी ठेवली, खाच जमिनीकडं.

जया समोर मांडी घालून बसली. बीबीजाननं तिचा पंजा हातात घेऊन दाबला. ह्या हातात ती जयाच्या लहानपणापासून बांगड्या भरत आलेली. लोण्यासारखा दबायचा. आज बोटांच्या मुळाशी घट्टे लागले. भातलावणीचे घट्टे तिथं येत नाहीत.

"तुझ्या युनूसला जरा समज दे," गोजराबाई खांबाला टेकत म्हणाली. "मंगळवारी दुपारच्याला ह्या उतारावरनं गेला, वारं सुटल्यागत. ना घंटी, ना ब्रेक. तोंडाला टावेल गुंडाळलेला. आमच्या दारावरनं जाताना तोंड झाकायचं काय कारन? ह्यांनी बघितलं आसतं तर तंगडी मोडून हातात दिली आसती."

'ह्यांनी' म्हणजे गेणबानं. गेणबा बोलल्याप्रमाणं करणारा माणूस होता.

मंगळवारी दुपारी युनूस तापानं फणफणला होता. बीबीजान त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. सायकल दारात नव्हती. "दोस्तानं नेलीया," एवढंच तो गोधडीतून बोलला होता.

जयाचा हात एकदम आवळला. कट्कन बांगडी तुटली.

"वाढवलीस ना गं!" गोजराबाई ओरडली.

"असू द्या. हात ढिला सोड, पोरी," बीबीजान म्हणाली. "आवळलास की लागतंय."

माझं पोरगं त्या दिवशी अंथरुणात होतं. एवढं म्हटलं की युनूसची तंगडी वाचत होती. पण मग टॉवेलाआड कोण होतं, हे गोजराबाई विचारणारच. बीबीजाननं दुसरी बांगडी उचलली.

"त्योच असंल," ती म्हणाली. "दुसरा धंदा काय हाय त्याला? घेते त्याला फैलावर."

"घे. पुन्यांदा दिसला, तर ह्यांच्या कानावर घालीन."

दोन्ही हात भरले. गोजराबाई सूपभर तांदूळ आणायला आत गेली.

"सायकलच ना गं?" बीबीजाननं खालच्या आवाजात विचारलं.

"काय, मावशी?"

"न कळायला तू काय कुकुलं बाळ न्हाईस. सायकलच, का आनिक काय?"

जया बांगड्या मागंपुढं करत राहिली. मग म्हणाली, "उतारावरनं सुटलं ना, मावशी, की खाली पोचेपत्तूर कुनाचीच हाक ऐकू येत न्हाई."

हे काही उत्तर नव्हतं. हात दाबला की कुठली बांगडी चढेल ते बीबीजान बिनचूक सांगायची. पण तोंड खरं बोलतंय का, हे हात दाबून कळत नाही. तिनं पुन्हा एकदा पोरीकडं निरखून बघितलं. पोरगी उताराकडं बघत होती.

"काय गुलुगुलू चाललंय दोघींचं?" गोजराबाई सूप घेऊन आली.

"काय न्हाई. दारात चप्पल उलटी पडली व्हती, ते सांगत व्हते. भांडनं लागत्यात."

"हिचं ध्यानच नसतं. आन् बघ ना, बीबीजान, उजवीच कशी झिजती कुनास ठाऊक!"

बीबीजाननं पदर पसरून तांदूळ घेतले, गाठ मारली. वर मान केली नाही.

टोपली डोईवर चढवायला जया पायरीपर्यंत आली. दोघींच्या मध्ये टोपली अधांतरी असताना बीबीजान पुटपुटली, "उद्या ह्या चपला दारात ठेवू नगंस. पाव्हण्या बायकांची नजर पायापासनं सुरू व्हती."

जयानं मान डोलावली.

"आन् पुढच्या खेपंला डाव्या पायानं थांबव. दोनी सारख्या झिजू देत."