या घरात कुणी मेलेलं नाही

आजीचं घर पाडायचं, हे एकदाचं ठरलं. आजीच्या मते असं काही ठरलेलंच नाही.

झालं एवढंच, की किरणोत्सर्ग मोजायचं हातातलं यंत्र मी घरी आणलं आणि जमिनीला टेकवताच ते बोंबलायला लागलं. ही फरशी आजोबांनी स्वतः घातलेली. युरेनियमच्या खाणीत कामाला होते तेव्हा तिथलेच चपटे दगड आणून.

"भुकेलंय बिचारं," चुलीवरचं मटण ढवळता ढवळता आजी खोकली. "वाटीभर रस्सा घाल त्याला, गप्प बसेल."

"आजी, हे घर माणसं खातंय. सरकार नवं बांधून देतंय, चल ना."

"शहाण्या, आपण नवाहो लोक घर कधी सोडतो?"

"घरात कुणी मेलं की."

"मग? या घरात कोण मेलंय?"

खरंच कुणी नाही. आजोबा, काका, आत्या, सगळे इथेच खोकत होते. पण घर सोडायची पाळी येऊ नये म्हणून प्रत्येकाला आम्ही शेवटच्या घटकेआधी गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि प्रत्येकाने शहाण्यासारखा तिथेच जीव सोडला.

काल आजीने गाडीची टाकी भरून ठेवायला सांगितलंय.



मा. इस्पितळप्रमुख यांस सविनय विनंती, की आमच्या आजोबांच्या मृत्यूचे ठिकाण बदलून 'राहते घर' असे करावे, व तसा दाखला आजीच्या हयातीत मिळावा.