शिवणाचं टेबल

"टेप गुंडाळू नकोस ना," चिंगी म्हणाली. "अशीच लोंबू दे."

आईने गुंडाळत आणलेली टेप पुन्हा टेबलावर सोडली. गिऱ्हाइकांची मापं घेऊन घेऊन तिच्यावरचे पहिले काही आकडे पार पुसून गेले होते. चिंगीने टेपेचं ते टोक हलकेच ओढून टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं आणि परत स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली.

शिलाई मशीन सकाळीच गेलं होतं. उद्या टेबल जाणार होतं, आणि आईही. वृद्धांच्या त्या निवासात तिला जी खोली मिळाली होती, तिच्यात पलंग, कपाट आणि एक खुर्ची, एवढंच मावत होतं. भिंतीवर मात्र काय हवं ते लावा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणून चिंगीने ठरवलं, आईचं हे टेबल, वरच्या सगळ्या वस्तूंसकट, पेन्सिलने काढून द्यायचं. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढण्यात तिचा हात बसलेला होता. पण असं चित्र एका बैठकीत होत नाही, आणि टेबल तेवढं थांबणार नव्हतं. म्हणून आज फोटो काढून ठेवायचा, त्यावरून सवडीने चित्र.

खिडकीतून डावीकडून उजेड येत होता. उजवी बाजू अगदीच काळी पडू नये म्हणून चिंगीने उजवीकडच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकली. मग टाचण्यांच्या उशीतून मूठभर टाचण्या काढून टेबलावर विखुरल्या.

"हे काय गं? जन्मभर टेबल आवरून ठेवलं, आणि भिंतीवर लावायचं तर असं विसकटलेलं?"

"कामात असल्यासारखं दिसायला हवं, आई."

"कामात असताना मी कधी टाचणी सांडली नाही. गिऱ्हाइकाच्या पायात गेली असती म्हणजे!"

चिंगीला हसू आलं. तिने टाचण्या वेचून परत उशीत खोचल्या. खडू पुढे घेतला, दोऱ्याचं रीळ मागे सरकवलं, तेलाची कुपी काढूनच टाकली. शेवटी कात्री उघडून मधोमध ठेवली. उजेड नेमका पात्यावर पडला.

आईचा हात आपसूक पुढे आला आणि तिने कात्री मिटली.

"उघडी टाकली की धार जाते."

"आता कुठे काय कापायचंय तुला," कॅमेऱ्याला डोळा लावलेली चिंगी बोलून गेली.

आईने मिटलेल्या कात्रीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तेही खरंच. तिथे ठेवूही देत नाहीत म्हणे कात्री. फोन करून विचारलं मी." तिने स्वतःच पाती उघडली. "एवढी पुरे?"

"पुरे."

चिंगीने पुढचे दोन फोटो काढले, पण काय काढलं ते तिलाही कळलं नाही. ती सरळ उभी राहिली.

"आई, माझ्याकडे चल म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस की."

"तूच नको म्हणालीस."

"म्हणाले." आईने टेबलावरचा एक धागा चिमटीत धरून उचलला. "म्हणताना तू जावईबापूंकडे बघत होतीस. आणि ते पोरांच्या खोलीकडे." ती हसली. "अगं, एवढे कपडे उसवले मी. कुठला सैल होईल आणि कुठला नाही, हात लावला की कळतं. आत शिवणीत जास्तीच्या कापडाची माया सोडलेली नसेल, तर ओढून काय उपयोग? फाटतं मग." चिंगीचा चेहरा बघून ती घाईघाईने म्हणाली, "कापडाची माया म्हणतेय हं मी. दुसरी नाही."

चिंगीने मान खाली घातली. थोडा वेळ ती कॅमेऱ्याचं काहीतरी फिरवत राहिली. मग तिने जवळून, लांबून, वरून, सगळीकडून फोटो काढले. पुरेसे होऊन गेले तरी काढत राहिली. आई भिंतीला टेकून उभी होती आणि काही लागलं तर द्यावं, अशा बेताने बघत होती.

"झालं?" तिने शेवटी विचारलं.

"झालं."

"सगळं आलं त्यात?"

"सगळं आलं."

"मग आता हात लावू का?"

 चिंगीने नुसतीच मान डोलावली. आईने सावकाश एकेक वस्तू उचलून खोक्यात ठेवली, टेबल रिकामं झाल्यावर फडक्याने पुसून काढलं आणि हात झटकले.

"आता मला दाखव, हे कुठून दाबायचं ते."

"तुला कशाला?"

"दाखव तर. आणि तू बस तिथे, माझ्या स्टुलावर."

चिंगीने कॅमेऱ्याचा स्टँड तिच्या उंचीला खाली घेतला, बटण दाखवलं, आणि रिकाम्या टेबलाशी जाऊन बसली. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. आईने चष्मा कपाळावर सारला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

खिडकीतला उजेड उतरत चालला होता. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बटणाचा आवाज काही येईना.

"काढलास का गं, आई?"

"थांब जरा," कॅमेऱ्यामागून आई म्हणाली. "अजून बघतेय."