मुलाखतीची तालीम

"शिक्षण संपल्यावर तुम्ही परत याल कशावरून?" बाबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत विचारलं.

समोरच्या खुर्चीत त्यांची लेक ताठ बसली होती. हिमनद्यांचा अभ्यास करायला तिला युरोपातल्या एका विद्यापीठाने बोलावलं होतं. आता व्हिसाची मुलाखत तेवढी राहिली, असं बाबा धरून चालले होते. रोज दुपारी जेवणं आटोपली की ते कपाटातला एकुलता एक कोट चढवायचे, साहेब व्हायचे आणि तिची तालीम घ्यायचे. खाली त्यांचा बर्फाचा कारखाना होता. यंत्र सुरू असलं की वरच्या खोलीतली फरशी बारीक थरथरायची.

"कारण घरी माझे वडील आहेत," ती म्हणाली. पुढचं वाक्य काही येईना. रोज गाडी इथेच अडायची.

"अगं, खऱ्या साहेबापुढे अशी मुकी झालीस तर त्याला वाटेल, ही घरातून पळून निघालीय."

ती हसली, पण नुसतं तोंडदेखलं. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून घरात दोघंच. सकाळी बर्फाच्या लाद्या हलवून आलेले बाबा तशाच गारठलेल्या हातांनी तिची वेणी घालायचे, तेव्हा तिच्या मानेवर शहारे यायचे. वेणी वाकडी व्हायची, पण तिने ती कधी सोडून पुन्हा घातली नाही. कुठला विषय शिकायचाय हे तिने सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बर्फच बघायचाय तर जिना उतर की! विमान कशाला?" दुसऱ्या दिवसापासून मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवत सुटले होते, की आमची लेक बर्फाची डॉक्टर होणार.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. विद्यापीठाने जागा पक्की करायला सांगितलं होतं, आणि तिने अजून उत्तरच दिलं नव्हतं. मुदत उद्या संपत होती. संपू दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. नंतर बाबांना सांगायचं, जागा भरल्या म्हणून.

"ऊठ," बाबा म्हणाले. "तू साहेब हो. मी तू होतो. उत्तर कसं द्यायचं ते बघ."

त्यांनी कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि स्वतः गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखे बसले. तिला हसू आवरेना.

"विषय बर्फाचाच का?" तिने आवाज जाड करून विचारलं.

"साहेब, माझ्या वडिलांनी जन्मभर बर्फ तयार केला. तो टिकतो कसा, ते त्यांना कळतं. तो का वितळतो, ते मला शोधायचंय."

तिचं हसू मावळलं. असं उत्तर तिला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. मग नेहमीचे प्रश्न बाजूला राहिले आणि तिच्या तोंडून भलताच प्रश्न गेला.

"तुम्ही गेल्यावर वडिलांकडे कोण बघणार?"

"ते बघतील स्वतःचं स्वतः."

"हे चालणार नाही. त्यांचा चहा रोज उतू जातो. पाठ धरली तर तेल लावायला माणूस नाही. संध्याकाळी बोलायचं कुणाशी, यंत्राशी?" साहेबाचा आवाज आता पार लेकीचा झाला होता. "खरं उत्तर द्या."

बाबांनी हाताची बोटं एकमेकांत गुंतवून पुन्हा सोडवली. मग खाली मान घालून, अजूनही तिच्याच भूमिकेत, म्हणाले, "साहेब, माझे वडील लग्न करताहेत."

फरशी थरथरत राहिली.

"कोण?" ती म्हणाली.

"माझे वडील."

"बाबा!"

बाबांनी मान वर केली. कान लाल झाले होते. "औषधाच्या दुकानातल्या बाई आहेत ना, त्या. सकाळी येतात बघ, औषधांच्या पेटीसाठी बर्फ न्यायला."

"आणि हे मला कधी सांगणार होतात?"

"तू विमानात बसल्यावर. आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, बाबा मला वाटेला लावताहेत. स्वतःची सोय बघताहेत."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. एवढे दिवस ती यांना एकटं टाकायला कचरत होती आणि हे तिला दुखवायला. तिला रडू आलं आणि त्यातच हसू फुटलं. कोटाच्या बाहीने डोळे पुसत तिने विद्यापीठाला उत्तर न दिल्याचं एका दमात सांगून टाकलं. बाबा ताडकन उठले. रागावणार होते, पण बोलले एवढंच, "आधी ते काम कर. भांडण मग."

तिने त्यांच्यासमोरच होकार पाठवला. तो गेल्याचं दिसल्यावर बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गारच होता. मग उगाच घसा खाकरून ते चहा टाकायला वळले.

ती दाराला टेकून त्यांना बघत होती. एकाएकी तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण बाबा, त्या बाईंच्या दुकानात तर केवढा मोठा फ्रीज आहे. बर्फसुद्धा होतो त्यात."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. पातेल्यात साखर टाकत ते म्हणाले,

"होतो की. तरी रोज येतात."