कोठीतला भुसा

“ही जाळी काय भिंतीची शोभा वाढवायला टांगलीय?” तिने विचारलं.

जाळी खरं तर चुरा करणाऱ्या यंत्राच्या तोंडावर हवी होती. कुणीतरी ती काढून खिळ्याला अडकवली होती आणि तिच्यावर घामट बनियन वाळत घातले होते. यंत्र मात्र उघड्या जबड्याने फळ्यांचे तुकडे कडाकडा चावत होतं.

“जाळी लावली की काम हळू होतं,” तो माणूस नाकावरचा रुमाल न काढता म्हणाला. “थोडं समजून घ्यायला हवं, ताई.”

“बोटं गेली की कामाचा वेग वाढतो का?”

त्याचे बूट इतके चकाकत होते, की भुशात पाय ठेवायचा म्हणजे त्याच्या जिवावर येत होतं. ती मात्र रबरी गमबूट घालून ढिगाऱ्यांतून अशी निघाली, की तिच्यामागे धावताना त्याची दमछाक झाली. डोक्यावरचं हेल्मेट दर चार पावलांनी कपाळावर घसरत होतं आणि दर वेळी ती ते रागाने मागे ढकलत होती.

मोडक्या खोक्यांच्या फळ्या खिळे वर करून पडल्या होत्या. तिने एक उचलून त्याच्या नाकासमोर धरली.

“टोचला तर?”

“बघून चालावं माणसाने.”

तिने मोटारीवरच्या तुळईवरून बोट फिरवलं. भुकटीचा जाड थर पिठासारखा खाली आला.

“एक ठिणगी, बस्स. आख्खी वखार फटाक्यासारखी उडेल. तुम्हाला खरंच काही दिसत नाही, की बघायचंच नाही?”

“दिसतंय हो. पण हा लाकडाचा धंदा आहे, साबणाचा नाही. धूळ असणारच.” त्याने घड्याळाकडे पाहिलं. “चला, केबिनमध्ये बसून बोलू. इथे उगाच घसा कोरडा होतोय.”

“आधी कोठी.”

“कोठी राहू द्या ना.”

“कोठी!” ती एवढ्या जोरात ओरडली, की दोन कामगारांनी हातातलं काम थांबवलं.

भुशाची कोठी म्हणजे पत्र्याचा दोन मजली डबा. वरून भुसा पडायचा, तळाशी फिरणारा लोखंडी स्क्रू तो ओढून बाहेर काढायचा. दोघं शिडीने वर चढले. आत एक किडकिडीत माणूस भुशावर उभा राहून बांबूने ढोसत होता. सगळे त्याला काडी म्हणायचे. कोठीच्या झाकणातून तेवढा तोच आत जाऊ शकायचा, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

“काडीदादा, स्क्रू चालू ठेवून उतरलात?”

“बंद केला तर भुसा पुन्हा आवळून बसतो, ताई.” काडीने चोरट्या नजरेने त्या माणसाकडे पाहिलं. “मालकांनी सांगितलंय तसंच करतोय.”

“बाहेर या. आत्ताच्या आत्ता!”

“अहो, रोजचंच आहे...”

“तुमची लेक नुकतीच रांगायला लागलीय ना? तिच्यासाठी या.”

काडी मुकाट्याने वर आला. तिने धडाधड शिडी उतरून मुख्य बटण खाली ओढलं. सगळी वखार गप्प झाली. मग एक जाडजूड ओंडका खांद्यावर टाकून, धापा टाकत ती पुन्हा वर चढली. काडी जिथे उभा होता, बरोबर तिथे तिने तो टाकला.

ओंडका क्षणभर भुशावर नीट बसला. मग खालून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला, भुसा मधोमध खचला आणि ओंडका दिसेनासा झाला. वरचा थर नुसता पापुद्रा होता. खाली सगळं पोकळ.

काडीने वाकून त्या खड्ड्यात पाहिलं. “आई गं,” एवढंच म्हणाला.

त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. रुमाल आता नाकावरून कपाळावर गेला.

“बघितलंत?” तिचा आवाज रागाने चिरकला. “हा ओंडका होता. उद्या हे असतील. आजच ही कोठी बंद झाली पाहिजे. सील ठोका.”

“सील ठोकलं तर एवढी माणसं घरी बसतील, ताई.”

“बसू देत. जिवंत बसतील!”

खालून कुणीतरी “बरोबर बोलली!” असं ओरडलं आणि लगेच दुसऱ्याच्या पाठीमागे लपलं.

“तुमचा एक शब्द पुरे आहे,” ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. “फक्त एक शब्द. तेवढाही जड आहे?”

त्याने कोठीत डोकावून पाहिलं. काडीकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली.

“तुमचं म्हणणं पटतंय मला,” तो म्हणाला.

दोघं खाली उतरले. तिने हेल्मेट काढून काखेत धरलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला. काडी शिडीला धरून उभा होता, त्याच्याकडे बघून ती चक्क हसली.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. वखारीचा मालक फोन खिशात टाकत बाहेर आला आणि त्या माणसाचा हात प्रेमाने दोन्ही हातांत घेतला.

“काय साहेब, झाली का सरकारी तपासणी? काय म्हणते आमची वखार?”

“एकदम उत्तम,” साहेब बुटांवरचा भुसा झटकत म्हणाले. “फक्त तुमच्या मुलीला तेवढं आवरा.”