देवकाचा रकाना

'देवक एकच. विवाह वर्ज्य.'

कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर यायच्या आतच नागोरावांनी तो वाचला आणि चपलांत पाय घातले. एक देवक म्हणजे भाऊबंद. तिथे सोयरीक कसली? त्यांच्या मुलाचं, मारोतीचं, आणि राहीबाईंच्या कौशल्याचं जमत आलेलं लग्न दुकानातच मोडलं.

"कंप्युटर कोनाचा सोयरा नाही, बाई," ते म्हणाले.

कौशल्या ही राहीबाईंच्या भावाची पोरकी मुलगी. त्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

निर्मल गावच्या बसस्टँडमागचं हे दुकान भगवंतरावांचं. साल अठ्ठ्याण्णव. पत्रिका जुळवायचा प्रोग्राम त्यांच्या मुलीने, मथुरेने, हैदराबादेत जावा ही कंप्युटरची भाषा शिकून येऊन लिहिला होता. बापाने लगेच पाटीवर 'चूक होणे नाही' असं रंगवून घेतलं. बापांना घाई फार.

मथुरेने दोन्ही फॉर्म ओढून घेतले. देवकाचा रकाना इकडेही कोरा, तिकडेही कोरा. देवक, गाव, आडनाव, सगळं तिने प्रोग्रामात नुसती अक्षरं म्हणून धरलं होतं. कोऱ्याशी कोरं ताडलं, मशीन म्हणालं, एकच. दोन रिकाम्या बरण्यांत एकच लोणचं आहे म्हणावं, तसं.

"काका, थांबा. माहा प्रोग्राम चुकला."

"हळू बोल," भगवंतराव कुजबुजले. "गिऱ्हाईक ऐकून राह्यले."

"ऐकू द्या, बाबा. एका पोरीचं लगन मोडून राह्यलं."

ती खुर्ची ओढून बसली. देवकाला तिने स्वतःचा वेगळा टाइप, म्हणजे माहितीचा वेगळा प्रकार, दिला. आता देवक फक्त देवकाशीच ताडता येणार होतं, आणि उत्तरं दोन नाहीत, तीन: एक, वेगळं, माहीत नाही. एक जरी बाजू कोरी असली तरी तिसरंच. पहिल्या खेपेला जावाने चार चुका दाखवल्या. तिने ओठ दाबून चारही काढल्या. नागोराव दारातच उभे होते, घड्याळ बघत.

दुसरा कागद आला. 'देवक माहीत नाही. विचारावे.'

"फॉर्म कोनं भरले, काका?"

"म्याच. दोनी. बायकांले लिवता येते काय?"

"लिवता नाही येत, पन सांगता तं येते!" मथुरा राहीबाईंकडे वळली. "मावशी, तुमच्या माहेरचं देवक काय?"

"कळंब," राहीबाई पटकन म्हणाल्या. "कौशीच्या बापाच्या लग्नात मांडवाले डहाळी म्याच आनली होती. मले कोनं पुसलंच नाही, माय."

मथुरेने कळंब लिहिलं. दुसरा रकाना अजून कोराच होता. राहीबाईंनी पदर खाली सोडला.

"आन् तुमचं काय हो, नागोराव?"

नागोरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग भगवंतरावांकडे. कुणी मदतीला आलं नाही.

"मायले पुसा लागन," ते खाली बघत म्हणाले.

"मंग पुसून या," राहीबाई बाकावर मांडी घालून बसल्या. "मी हितंच बसून हाओ."