रिकामा नंबर

आतल्या खोलीत खुट् झालं. मग पुन्हा सगळं शांत.

"गुंडी, पाडलंस का काही?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"नाऽऽही," आतून लेकीचं लांबलचक उत्तर आलं.

लॅपटॉपपुढे बसलेल्या दिराने मानही वर केली नाही. राउटर खिडकीतून काढून फळीवर ठेवून झाला होता, वायर बदलून झाली होती, सगळं दोनदा बंद-चालू करून झालं होतं. आणि त्याच्यासमोर लॅपटॉप गुणी बाळासारखा चालत होता.

"डॉक्टर आले की ताप उतरतो, तसलं दुखणं आहे हे," तो म्हणाला. "खरं सांगा वहिनी, गप्पा मारायला कुणी नाही म्हणून बोलावलंत ना?"

एरवी ती हसली असती. पण थोड्या वेळात तिला कामाला बसायचं होतं. घरून एका दवाखान्याचे फोन घ्यायचे, लोकांना डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या, एवढंच काम. पण घर त्यावरच चाललं होतं. आणि गेले काही दिवस ऐन कामात नेट जायचं. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत तुटायचा. दवाखान्याच्या मॅडमनी काल स्पष्टच सांगितलं होतं, उद्या पुन्हा लाइन तुटली तर परवापासून लॉगिन करू नका.

"गेलं!" दीर एकदम ओरडला, जवळजवळ आनंदाने. "सापडलं बेणं! थांबा, आता बघू घरात कोण कोण जोडलंय."

त्याने स्वतःच्या मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. "हा मी. ही 'बाईसाहेब', म्हणजे तुमचा फोन. दादाने नावं पण काय एकेक देऊन ठेवलीत! हा लॅपटॉप, हा बाहेर पडलाय. आणि त्याच्या नंबरवर येऊन बसलाय..."

तो थांबला. मोबाइल त्याने छातीशी धरला.

"काय झालं, भावजी?"

"दादाचा फोन कुठेय?"

"कपाटात. त्याच्या शर्टांखाली."

"बंद आहे ना?"

"बंद नाही केला." ती जरा घुटमळली. "विमान दाबून ठेवलंय, कुणाचे फोन यायला नकोत म्हणून. मधूनमधून चार्जिंगला लावते."

दिराने मोबाइल तिच्यापुढे धरला. 'साहेब', असं लिहिलं होतं. शेजारी हिरवा ठिपका.

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरायचा थांबला. दोघांनीही आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं नाही.

"लॅपटॉपला दादाचा नंबर कोणी दिला?" दिराने हळूच विचारलं.

"मी." घरातल्या प्रत्येक यंत्राचा राउटरवरचा नंबर नवरा स्वतःच्या हाताने ठरवायचा. आपोआप मिळतो तो त्याला चालायचा नाही. त्यानेच तिला ते शिकवलं होतं. "हा लॅपटॉप घेतला तेव्हा दिला. म्हटलं, रिकामाच आहे."

"एका नंबरवर दोघं राहू शकत नाहीत, वहिनी. एक आत आला की दुसऱ्याला बाहेर पडावं लागतं."

ती उठली. आत गेली.

गुंडी कपाटाच्या उघड्या दाराआड फरशीवर बसली होती. एका मांडीवर आईचा फोन, कामाच्या वेळी तिने गप्प बसावं म्हणून आई रोज द्यायची तो. दुसऱ्या मांडीवर बाबाचा. ओढून काढताना एक शर्ट खाली आला होता, त्याची बाही तिच्या खांद्यावरून लोंबत होती.

"मी काही पाडलं नाहीये," ती आधीच म्हणाली.

"विमान तू काढलंस?"

"वरून असं ओढायचं आणि विमानावर बोट ठेवायचं. मग बाबाला जातं."

"काय जातं?"

गुंडीने आईचा फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवरचं नवऱ्याच्या नावाचं ते पान तो गेल्यापासून तिने उघडलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत छोटे छोटे आवाजाचे निरोप होते. तिने शेवटचा दाबला.

'बाबा, माझा दात हलतोय. काका आलाय. तो आईचा लॅपटॉप नीट करतोय. तू असतास तर पटकन झाला असता. पण काकाला सांगू नकोस.'

दारात दीर उभा होता. तो कधी आला ते तिला कळलं नव्हतं.

"लॅपटॉपला दुसरा नंबर देतो," तो म्हणाला. "हा राहू दे चालू." आणि कुणाकडेच न बघता परत फिरला. थोड्याच वेळात बाहेरून लॅपटॉपचा आवाज आला, नेट आल्याचा. मग गेलंच नाही.

ती लेकीशेजारी खाली बसली. बाबाचा फोन उजळला होता. पडद्यावर कुलपाचे ते नऊ ठिपके. त्यांच्यावरून कुठून कुठे बोट फिरवायचं, ते तिला ठाऊक होतं. तिने एकदाही फिरवलं नव्हतं.

"विमान असलं ना, की शाळेतल्या बाईंसारखी एकच बरोबरची खूण येते," गुंडी समजावून सांगू लागली. "काढलं की दोन. दोन म्हणजे पोचलं ना?"

"हो. दोन म्हणजे पोचलं."

"पण मावशीला पाठवलं की दोन्ही निळ्या होतात." गुंडीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आई, पोचतंय तर मग बाबा ऐकत का नाही?"